लेगिमानच्या नावावरचे खेळ

कारांगजाती गावातला पाविरोदिमेजो लग्नाआधी लेगिमान होता. आमच्याकडे जन्माचं नाव पोरवयापुरतं असतं. लग्न झालं की पुरुषाला थोराचं नाव मिळतं, आणि ते मोठी माणसं ठरवतात. शहरात गेलेली मुलं हल्ली हे करत नाहीत. पण पाविरोचा सासरा, कार्योदिमेजो, जुन्या वळणाचा शेतकरी. सगळ्या गावाचा तो म्बाह कार्यो, म्हणजे कार्यो आजोबा. त्याला मुलगा नव्हता, मुलीच होत्या. धाकट्या वारसिनीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने आपल्या नावातला मागचा अर्धा भाग काढून जावयाला दिला आणि त्याच्या पुढे 'पाविरो' जोडलं. गुळाची तांबडी आणि नारळाच्या दुधाची पांढरी खीर शिजली, शेजारपाजार चटयांवर जेवायला बसला, आणि म्हाताऱ्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आजपासून हा पाविरोदिमेजो. लेगिमान म्हणून कुणी हाक मारली तर हा ओ देणार नाही."

नवरा तेव्हा चांगला घोडनवरा होता. पस्तिशी उलटलेल्या माणसाला नवीन नावाची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले काही महिने बाजारात कुणी "पाविरो" म्हणून हाक मारली की तोच इकडेतिकडे बघायचा. समोरचा पंक्चरवाला जुमादी, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, "लेगि" एवढं म्हणून थांबायचा, खाकरायचा आणि मग पुढचं बोलायचा. पण वर्षभरात सगळं अंगवळणी पडलं. त्याच वर्षी सरकारचं नवं ओळखपत्र आलं, त्यावरही पाविरोदिमेजो हेच नाव छापलं गेलं. पुढे मुलगी झाली, लारास. तिच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव तेच लागलं. लेगिमान हे नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

राहिलं फक्त एका ठिकाणी. पाविरोचं गेमचं दुकान होतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन टीव्ही, दोन मशिनं, खाली चटया, भिंतीला पंखा. तासाच्या भाड्याने मुलं खेळायला येत, आणि संध्याकाळी त्यांचे बापही. पाविरोचे नियम ठरलेले. शाळेच्या गणवेशात आलेल्याला आत घ्यायचं नाही. चपला बाहेर, त्याही सरळ रेषेत. तेलकट हात पाटावरच्या फडक्याला पुसल्याशिवाय रिमोटला शिवायचं नाही. कुणी हरल्यावर रिमोट आपटला तर त्याला तो काही बोलत नसे. नुसता उठून टीव्ही बंद करी आणि चहा प्यायला आत जाई. परत येईपर्यंत आपटणारा शरमेने अर्धा झालेला असे.

दुकान त्याने लग्नाच्या बरंच आधी काढलं होतं. त्या काळात सगळ्या गेमच्या सीड्या चोरट्या असत. बाजारात भाजीच्या गाड्याशेजारी ढीग लागायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मग नवीन मशिनं आली, ती चोरटी सीडी तोंडात घेईनात. पाविरो तेव्हा अजून लेगिमान होता. त्याने ठरवलं की आता रीतसर विकत घ्यायचं. त्याला त्याचा जरा अभिमानही होता. जुन्या सीड्या त्याने लग्नानंतर म्बाह कार्योच्या भातशेतावर दोऱ्यांना बांधून टाकल्या. उन्हात त्या लखलखायच्या, चिमण्या बुजायच्या.

नवे खेळ मात्र त्याने सीडीवर घेतले नाहीत. शेंगदाण्याच्या मसाल्याने माखलेली बोटं आणि सीडी यांचं नातं त्याने बरीच वर्षं पाहिलं होतं. मशिनमध्येच खेळ उतरवून घ्यायचा, त्याला ओरखडा नाही, हरवणं नाही, चोरी नाही. त्यासाठी खातं उघडावं लागायचं. ते त्याने लेगिमान या नावाने उघडलं, कारण तेव्हा तो लेगिमान होता. लग्नानंतर ते बदलायला हवं हे त्याच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण रोज सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर 'लेगिमान, पुन्हा स्वागत' अशी अक्षरं उमटत. त्या नावाने हाक मारणारं जगात तेवढंच उरलं होतं. त्याने ते तसंच राहू दिलं.

वर्षामागून वर्षं तो खेळ घेत गेला. फुटबॉलचा तर दर वेळचा नवा. डोंगररस्त्यावरून ट्रक चालवायचा एक. एक शेतीचा, तो वारसिनीसाठी. खरी शेती बापाच्या घरी आयुष्यभर केलेली ही बाई दुपारी दुकान रिकामं असलं की टीव्हीतल्या शेतात कोंबड्या पाळायची.

रोज्यांचा महिना हा या धंद्याचा सुगीचा काळ. दुपारी तीन-चारनंतर पोटात भूक, डोक्यात दुसरं काही सुचत नाही, आणि मशिदीतला नगारा वाजून रोजा सुटेपर्यंत वेळ कसा काढायचा हा सगळ्यांपुढे प्रश्न. मग दुकानाच्या चटयांवर पाय ठेवायला जागा नसे. आणि त्यानंतर ईद, लेबारान. जाकार्ता-बेकासीत कामाला गेलेली सगळी मंडळी गावी परतत, आणि गल्ली विरुद्ध गल्ली अशी फुटबॉलची स्पर्धा पाविरोच्या दुकानात रंगे. कारखान्यात दिवसरात्र राबणारी माणसं वर्षभर तिच्याच गप्पा मारत. कुणाच्या बायकोचं बाळंतपण कधी आहे हे त्यांना आठवत नसे, पण गेल्या लेबारानला शेवटचा गोल कुणी घातला हे बरोबर आठवे.

त्या वर्षी रोज्यांचा पहिला आठवडा संपला असेल. सकाळी पाविरोने मशीन सुरू केलं तर स्वागत आलं नाही. एक सूचना आली आणि प्रत्येक खेळाच्या चित्रावर छोटं कुलूप दिसू लागलं. दुसऱ्या मशिनवरही तेच.

वारसिनी झाडू हातात घेऊन मागे उभी राहिली. "पासवर्ड विसरलात का?"

"मी नाही विसरलो. दुसरंच कुणीतरी कुठूनतरी चुकीचा पासवर्ड टाकत बसलंय. म्हणून कंपनीने खातं बंद केलं."

"मग त्याला बंद करायचं. तुम्हाला का?"

"सुरक्षेसाठी, म्हणतात. माझ्या ओळखपत्राचा फोटो पाठवला की उघडतील."

"मग पाठवा."

त्याने पाठवला. फोनवर फोटो नीट यावा म्हणून अंगणात उन्हात जाऊन काढला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओळखपत्रावरचं नाव आणि खातेदाराचं नाव जुळत नाही, त्यामुळे विनंती मान्य करता येत नाही.

असल्या अडचणीवर आमच्याकडे इलाज आहे. गावात निम्म्या म्हाताऱ्यांची नावं दोन-दोन, जमीन एका नावावर, पेन्शन दुसऱ्या नावावर. म्हणून ग्रामकचेरीत 'अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे' असा दाखला मिळतो. पाविरो तिथल्या बू लास्त्रींकडे, म्हणजे लास्त्रीबाईंकडे गेला. कचेरीतल्या सगळ्यात जुन्या कारकून त्याच.

"कशासाठी हवाय दाखला? बँकेसाठी?"

"खेळांसाठी."

बू लास्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "कसल्या?"

"दुकानातल्या. माझे सगळे खेळ लेगिमानच्या नावावर आहेत."

"आणि हा लेगिमान कुठे असतो?"

"हा काय, तुमच्यासमोर."

"ते मला माहीत आहे हो. तुमच्या लग्नात मी भात वाढलाय. दाखल्यात राहण्याचं ठिकाण लिहावं लागतं म्हणून विचारलं." त्यांनी दाखला टाइप केला, जांभळा गोल शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. "जमिनीच्या कामाला चालतो, हजला जायला चालतो. तुमच्या फुटबॉलला चालायला काय हरकत आहे?"

पण हरकत निघाली. कंपनीचं उत्तर फार नम्र होतं. प्रिय ग्राहक, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. तुम्ही पाठवलेला कागद आमच्या मान्य कागदांपैकी नाही. खातं एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे देता येत नाही. लेगिमान यांनी स्वतः, त्यांच्या नावाच्या ओळखपत्रासह संपर्क साधावा. लेगिमान हयात नसल्यास तसं कळवावं, म्हणजे खातं कायमचं बंद करता येईल.

संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी जुमादीच्या पंक्चरच्या दुकानापुढे बाकावर नेहमीची माणसं बसली होती. पाविरोने उत्तर वाचून दाखवलं. मग जुमादीने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांकडे बघत म्हणाला, "गेला म्हणायचा बिचारा."

"कोण?"

"लेगिमान. माणूस चांगला होता. माझा हवेचा पंप नेला होता एकदा, तेवढा परत केला नाही."

"केला होता."

"तू कशाला मध्ये बोलतोस? तू पाविरो."

बाक हलेपर्यंत हसले सगळे. एकाने विचारलं, "सातव्या दिवसाचं जेवण कधी घालतोस मग?"

"रोज्यात जेवणाचं नाव काढू नकोस," पाविरो म्हणाला. तोही हसला. पण नगारा वाजल्यावर हातात आलेला गोड चहा त्याने नेहमीसारखा घटाघटा प्यायला नाही.

दुकान रिकामं पडलं होतं. सुगीचे दिवस बांधावरून निघून चालले होते आणि लेबारान जवळ येत होती. बेकासीहून फोन यायला लागले. यंदा आमची गल्ली घेणार बरं का, बघून ठेव. तो "हो, हो" म्हणे.

तो पुन्हा बू लास्त्रींकडे गेला. खातं उघडताना 'मान्य आहे' म्हणून ज्यावर बोट ठेवलं होतं तो लांबलचक मजकूर आता त्याने फोनवर काढून त्यांच्यापुढे धरला. तो वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"यात लिहिलंय की खेळ तुम्हाला विकलेला नाही. खेळायची परवानगी दिलेली आहे. तीही त्याच माणसाला, आणि घरच्या घरी."

"दुकान घरातच आहे."

"बरं आहे, ते त्यांना कळवू नका."

"पण बटणावर 'विकत घ्या' असंच लिहिलं होतं."

"बटणावर जागा कमी असते," बू लास्त्री म्हणाल्या. मग फोन परत देऊन त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, पाविरोराव. तुमच्या जन्मदाखल्यावर अजून लेगिमानच आहे. जन्मदाखल्याप्रमाणे ओळखपत्र दुरुस्त करून द्या असा अर्ज केलात तर ते करतात. लेबारानच्या आधी होईल. मग बायकोची, मुलीची कागदपत्रं सावकाश बदलता येतील. करू का तयार?"

पाविरो घरी आला तेव्हा वारसिनी केळीच्या पानात भात बांधत होती. त्याने सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"करून टाका. कार्ड काय, खिशात असतं. बाबांना दाखवायला कोण जातंय?"

"लाराससुद्धा बदलावी लागेल."

"लारास कशाला बदलावी लागेल? बाप बदलेल तिचा." ती हसली. मग पुडी बांधता बांधता थांबली आणि पानाचं टोक परत सोडून नीट दुमडू लागली. "एवढे खेळ काही पुन्हा घेता येणार नाहीत आपल्याला," ती म्हणाली. "स्पर्धेचं काय सांगणार आहात लोकांना?"

सकाळी त्याने जन्मदाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि कचेरीची वाट धरली. पण कालव्याच्या पुलापाशी तो डावीकडे वळला. सासऱ्याला न विचारता हे करणं त्याला जमेना.

म्बाह कार्यो पाटात उतरून गाळ काढत होता. वयाच्या मानाने त्याचं फावडं अजून सरळ पडायचं. जावयाला पाहून त्याने मान वर केली. "तू जिवंत आहेस होय? जुमादी तर म्हणत होता, गेलास."

"त्याला दुसरं काम नाही."

"बस. काय झालंय ते मला कुणी नीट सांगितलं नाही."

पाविरो बांधावर उकिडवा बसला आणि सांगू लागला. म्हातारा फावड्यावर हात टेकून ऐकत होता.

"पैसे दिलेस?"

"दिले. दर वेळी किराणा दुकानात रोख भरले."

"वस्तू घरात आणलीस?"

"मशिनमध्ये आणली."

"मशीन घरात आहे?"

"हो."

"मग कुलूप बाहेरून कसं लागलं?"

पाविरोने समजावून सांगायचा प्रयत्न केला. तारेतून, कंपनीतून, परवानगीतून. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाही ते पुरतं कळलेलं नाही. तो थांबला आणि मग ज्यासाठी आला होता ते बोलला. "खेळ परत मिळवायचे तर कार्डावर परत लेगिमान व्हावं लागेल. तुम्ही दिलेलं नाव आहे. म्हणून विचारायला आलो."

म्हाताऱ्याने गाळाचं एक ढेकूळ उचलून बांधावर ठेवलं आणि पावलाने दाबलं. "मला कशाला विचारतोस? ते माझं आहे का? तुला दिलं त्याच दिवशी ते माझ्याकडून गेलं. ठेव, टाक, बदल. द्यायचं आणि वर त्याच्यावर हात ठेवून बसायचं, हे मला येत नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल. त्याचा याच्याशी काय संबंध?" तो पुन्हा वाकला. दोन फावडी ओढून झाल्यावर मान न वळवता म्हणाला, "फक्त घरी आलास की काय बोलायचं तुझ्याशी, ते मला सुचणार नाही. त्या लेगिमानला मी ओळखत नाही. माझ्या मुलीला मागायला आला होता, तेवढाच एकदा भेटला."

पाविरो बांधावरून उठून पाटात उतरला. मग त्याने सासऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं, उरलेला पाट साफ केला आणि पाय धुऊन कचेरीत गेला. बू लास्त्रींनी अर्ज भरून ठेवला होता. फक्त सही करायची होती.

"नको," तो म्हणाला.

"का हो? सगळं तयार आहे."

"तुम्हाला त्रास झाला. पण नको."

"आणि खेळ?"

"जाऊ देत."

तोंडाने म्हणणं सोपं होतं. घरी येऊन त्याने मशीन सुरू केलं आणि कुलपं लावलेली चित्रं एकेक करून पाहिली. यातला एक खेळ लारास जन्मली त्या आठवड्यात घेतलेला. एक जुमादीशी पैज लावून. वारसिनी मागे येऊन उभी राहिली.

"माझ्या कोंबड्यापण?"

"त्यापण."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी भात वाढताना तिने तळलेल्या टेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, मोठा तुकडा त्याच्या ताटात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला शेवटचं उत्तर लिहिलं. 'लेगिमान हयात आहे. प्रकृती उत्तम. पण त्याच्या नावाचं ओळखपत्र आता निघणार नाही. खातं बंद केलंत तरी चालेल.' लगेच उत्तर आलं, संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, आमच्या सेवेला किती तारे द्याल. त्याने खूप विचार करून तीन दिले. लिहिणारा नम्र होता.

मग तो बसने योग्या शहरात गेला. तिथे एका गल्लीत वापरलेल्या गेमची दुकानं आहेत. मागच्या वर्षीचा फुटबॉल त्याला एका दुकानात सीडीवर मिळाला. डबीचा कोपरा फुटलेला, आत कुणाच्यातरी लहान मुलाने चिकटवलेलं मांजराचं चित्र. दुकानदाराने पैसे घेतले, सीडी उजेडात धरून ओरखडा नाही हे दाखवलं आणि पिशवीत घालून दिली. नाव विचारलं नाही. पाविरो मात्र सवयीने खिशातलं ओळखपत्र काढून उभा होता. दुकानदार म्हणाला, "ते कशाला, काका?" तेव्हा त्याने ते परत आत घातलं.

सीडी एकच, म्हणून मशीनही एकच चालायचं. त्या वर्षीची लेबारानची स्पर्धा रेंगाळली. लोक कुरकुरले. मागच्या वर्षीचे खेळाडू, त्यातला एक तर आता दुसऱ्याच संघात. बेकासीहून आलेला एकजण म्हणाला, "पाविरोकाका, दुकान पुढे न्यायचं सोडून मागे नेलंत की." त्याची गल्ली पहिल्याच फेरीत हरली, त्यामुळे त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. शेवटच्या सामन्याला म्बाह कार्योसुद्धा येऊन दारात खुर्ची टाकून बसला. आपली गल्ली निळी की तांबडी हे त्याने तीनदा विचारलं आणि शेवटी तांबडीकडून ओरडला. आमची निळी होती.

स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला एकजण स्कूटरवरून आला. त्यांच्याकडे मशीन होतं, पण खेळायला काही नव्हतं, आणि त्यांची मंडळी उद्या शहरात परतणार होती. दारात जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, एक दिवस सीडी द्याल का?"

पाविरोने डबी फडक्याने पुसली, उघडून सीडी आत आहे हे पाहिलं आणि त्याच्या हातात ठेवली. "तेलकट हात लावू द्यायचे नाहीत कुणाला."

"नाही लावू देणार."

"उद्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी आणायची."

स्कूटर गेली. दुपारी नेहमीची मुलं आली, चपला सरळ रेषेत काढून चटईवर बसली आणि एकाने रिमोट उचलून मशिनच्या तोंडाकडे पाहिलं.

"काका, गेम कुठे आहे?"

"दिलाय शेजारच्या वाडीला," पाविरो म्हणाला. "उद्या येईल." आणि मुलं लगेच उठत नाहीत हे पाहून त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला.